पावआट्यांचा हात

त्यांचं खरं आडनाव काय, हे नेमबाजीच्या मैदानावर कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. सगळे त्यांना पावआटे म्हणत. रायफलीवर दुर्बीण बसवताना ते प्रत्येक स्क्रू आधी नुसत्या बोटांनी फिरवत. तो टेकला की किल्ली लावत, डोळे मिटत आणि स्वतःशीच पुटपुटत, "आता पाव आटा. संपलं." आटा म्हणजे स्क्रूचा एक पूर्ण फेरा, पाव आटा म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. इतक्यांदा हे ऐकल्यावर लोकांनी त्यांना दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. एका नव्या सभासदाने आपल्या मुलीच्या लग्नाला बोलावताना पाकिटावर 'श्री. व सौ. पावआटे' असं लिहिलं. सौ. पावआटे नटूनथटून जाऊनही आल्या.

कारखाना म्हणजे मैदानाच्या मागच्या अंगाला असलेली पत्र्याची लांबट खोली. खिडकीखाली लाकडी बाक, बाकाला वस्तू घट्ट आवळून धरणारा शेगडा, शेगड्याच्या जबड्यांना चामडं लावलेलं. रायफलीला ओरखडा आला तर मालक एक वेळ माफ करेल, पावआटे करणार नाहीत. तेल आणि स्पिरिट यांचा मिळून एक वास तिथे कायमचा वस्तीला होता. त्यातल्या तेलाचा पावआट्यांना राग. "बंदूकवाल्यांना तेलाचं वेड असतं," ते म्हणत. "दिसेल तिथे लावतात. आणि मग विचारतात, स्क्रू का सुटला! तुम्ही साबण लावलेल्या हाताने बरणीचं झाकण धरता का?" म्हणून त्यांच्याकडे आधी प्रत्येक स्क्रू स्पिरिटने पुसला जाई, कोरडा ठणठणीत होई, मग आट्यांवर निळ्या गोंदाचा एक थेंब. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. आणि शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून खाली दुर्बीण धरणाऱ्या कडीपर्यंत लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ. स्क्रू फिरला तर रेघ तुटणार, म्हणजे चोरी पकडली जाणार.

नेलपॉलिश घरातून, सौ. पावआट्यांच्या कपाटातून येई. त्यांनी ते स्वतःच्या नखांना कधी लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या बाकावर दुसरा हात होता तो सुनेचा. ती या घरात आली तीच मुळी स्क्रूमुळे. लग्नाआधी ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एकदा पावआटे आपल्या चष्म्याची काडी घेऊन गेले. तिने तो मुंगीएवढा स्क्रू बसवला, आवळला आणि जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबली. पावआटे बराच वेळ काउंटरपाशी उभे राहिले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपल्या मुलाला त्या दुकानात चष्मा करायला पाठवलं. मुलाचे डोळे ठणठणीत होते. तो बस चालवायचा आणि त्याला लांबचा मैलाचा दगड वाचता यायचा. पण तीन-चार वेळा डोळे तपासून झाल्यावर दोघांनाही कळलं की तपासणी कशाची चालली आहे.

"तुमच्या वडिलांनी मला तुमच्यासाठी पसंत केलं की बाकासाठी?" तिने पुढे नवऱ्याला विचारलं होतं.

"बाकासाठी," तो म्हणाला. "मी मध्ये फुकट मिळालो."

सासऱ्यांनी तिला पहिल्या दिवशी जे सांगितलं त्याने ती जी थक्क झाली ती पुढे कधी पुरती सावरली नाही. त्यांनी तिला खिडकीतून लांबवरचं लक्ष्य दाखवलं. मातीच्या बांधापुढे उभं असलेलं, इथून टिकलीएवढं. मग तिच्या डोक्यावरचा गळलेला एक केस बाकावरून उचलला आणि दुर्बिणीच्या बैठकीवर ठेवला.

"ही इथे या केसाएवढी हलली, तर तिकडे गोळी वीतभर चुकते."

तिने केसाकडे पाहिलं, मग त्या टिकलीकडे. इथलं काहीच नाही एवढं, तिथे वीतभर होतं.

"आणि गोळी पुढे जाते ते सगळे बघतात," ते म्हणाले. "मागे काय येतं ते एकटा स्क्रू बघतो. दर वेळी धक्का, दर वेळी धक्का. तरी त्याने हलायचं नाही. आता हे कसं जमतं त्याला? सूनबाई, स्क्रू म्हणजे काय सांग."

"खिळा. आटे पाडलेला."

"स्प्रिंग. आवळलास की तो आतल्या आत ताणला जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतका. आणि त्याला परत आखूड व्हायचं असतं. ते जे परत यायला बघणं आहे ना, ती पकड. कमी ताणलास तर त्याला यायचीच इच्छा नाही. जास्त ताणलास तर तो यायचं विसरतो. मग तो मेला. आवळणं काय, गाढवालाही जमतं. थांबणं जमलं पाहिजे."

कुठे थांबायचं हे मोजायला जगात अवजारं आहेत. मैदानाच्या प्रशिक्षकांनी कौतुकाने एक आणून दिलं होतं, काटा असलेला पाना. किती जोर लागला ते काटा दाखवतो. पावआट्यांनी त्यांचे आभार मानले आणि पाना खणात ठेवला. "छान आहे," ते म्हणाले. "लहान मुलं आली की देऊ खेळायला."

अशा माणसाकडून एखादं वाक्य जास्तीचं निघणारच. मैदानाच्या वार्षिक सभेत कुणीतरी चेष्टेने विचारलं की पावआटे, तुमच्या हातचा स्क्रू सुटला तर काय? ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या दिवशी माझ्या हातचा स्क्रू सुटेल, त्या दिवशी मी बाकावरून उठेन. परत बसणार नाही." टाळ्या पडल्या. चिटणीस उत्साही होते. त्यांनी ते वाक्य रंगाऱ्याकडून मैदानाच्या भिंतीवर लिहून घेतलं, 'येथे थुंकू नये'च्या बरोबर खाली. तेव्हापासून ते दोन्ही नियम मैदानाला सारखेच लागू होते.

मैदानावरची सर्वांत चांगली नेमबाज पोस्टात काम करायची. दिवसभर पत्रं वाटायची, संध्याकाळी लांब पल्ल्याची रायफल घेऊन आडवी व्हायची. निवड स्पर्धा तोंडावर आली होती, आणि नेमका त्याच वेळी तिचा नेम भरकटायला लागला. एक गोळी मधोमध, दुसरी डावीकडे, तिसरी परत मधोमध, चौथी कुठे गेली ते बांधालाच माहीत. प्रशिक्षक म्हणाले, श्वास चुकतोय. तिने चहा सोडला. मग म्हणाले, झोप पुरेशी नाही. तिने नवऱ्याला बाहेरच्या खोलीत घोरायला पाठवलं. तरी चौथी गोळी सापडेना.

पावआटे केस कापायला गेले होते, तेव्हा ती रायफल घेऊन कारखान्यात आली.

"वहिनी, दुर्बीण ठीकच असणार, त्यांच्या हातची आहे. पण एकदा बघून घ्या. म्हणजे मग दोष माझाच, हे पक्कं होईल. मी नाव मागे घेणार आहे."

"काहीतरीच काय!"

"नाहीतर काय करू? हात कापत नाही, डोळे चांगले आहेत. मग माझंच आत काहीतरी ढिलं झालं असणार."

सुनेने रायफल शेगड्यात धरली. लाल रेघा बघितल्या. सगळ्या अखंड, जशा काल ओढल्या असाव्यात. एकही स्क्रू तसूभर फिरलेला नव्हता. ती तसं सांगणारच होती. पण सवय म्हणून तिने किल्ली लावली आणि उलटी फिरवली. स्क्रू आला. निळ्या गोंदाने जरा कुरकुर केली तेवढीच, पुढे लोण्यातून सुरी निघावी तसा आला. दुसराही तसाच. तिसरा, चौथा. रेघ सरळ आणि स्क्रू ढिला, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. कुलूप जसंच्या तसं आणि घर रिकामं, असं ते होतं.

"काय झालं?" पोस्टवाली म्हणाली.

"काही नाही. रायफल ठेवून जा. आणि नाव मागे घेऊ नका."

ती गेल्यावर सुनेने चष्म्याच्या दुकानापासून जपलेलं भिंग डोळ्याला लावलं. एक काढलेला स्क्रू आणि एक कोरा स्क्रू काचेवर शेजारी शेजारी ठेवले. काढलेला किंचित लांब होता. डोक्याखाली त्याची मान बारीक झाली होती, ओल्या मातीची वळी दोन्हीकडून ओढावी तशी. मग तिने दुर्बिणीचं अंग पाहिलं. कड्यांच्या जागी पोलादी दाबाचे दोन वळ उमटले होते.

पोलादासारखं पोलाद कुणीतरी किल्लीने ओढून लांब केलं होतं. स्क्रू फिरलाच नव्हता, मग रेघ कशी तुटणार? तो होता तिथेच राहून मेला होता. आणि या रायफलीला पावआट्यांशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता.

ढिलेपणा सांगता आला असता. म्हातारपण आहे, विसरले असतील. पण हे तर त्यांनीच तिला पाप म्हणून शिकवलेलं होतं. आणि मैदानाच्या भिंतीवर ते वाक्य रंगवलेलं होतं.

ती घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. तिने सगळं सांगितलं. सासूबाईंनी भाजी चिरणं थांबवलं नाही.

"सांगायला तर हवं," त्या म्हणाल्या. "तू सांग. मी तोवर चहा टाकते. पुरुषाच्या हातात कप असला की तो आरडाओरडा कमी करतो. सांडायची भीती असते."

"ते बाकावरून उठतील, आई."

"उठतील. मग मला दिवसभर घरात त्यांच्याबरोबर राहावं लागेल. माझाही विचार कर जरा." एवढं म्हणून त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. "ते बाक गेलं तर हा माणूस काय करेल गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, केस बारीक कापलेले पावआटे बाकावर बसले, तेव्हा सुनेने त्यांच्यापुढे काच सरकवली. वर ते दोन स्क्रू. बाजूला भिंग.

"मामंजी, हे जरा बघता?"

त्यांनी भिंग लावलं. बघितलं, आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"कुठल्या गाढवाचं काम हे? मान बघ त्याची! गळा दाबून मारलाय बिचाऱ्याला. कुणाकडून आणलीस ही रायफल? त्या बाजारातल्या सायकलवाल्याने बसवली असणार. त्याला सांगितलं होतं मी, तू चेन बसव, पेडल बसव, दुर्बिणीला हात लावू नकोस म्हणून."

सुनेने शेगड्याकडे पाहिलं.

"कुणाची आहे?" पावआट्यांनी पुन्हा विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांची नजर शेगड्याकडे गेली. रायफल ओळखीची होती.

दारात सासूबाई चहा घेऊन येऊन थबकल्या. मैदानावर सरावाच्या गोळ्या सुटत होत्या. पावआट्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं आणि बराच वेळ तोच स्क्रू बघत राहिले. जणू आता त्यांना त्यात आणखी काही दिसणार होतं.

"खण उघड," ते म्हणाले. "तो पाना काढ."

काट्याचा पाना निघाला. सुनेने लोखंडाच्या एका ठोकळ्यात नवा स्क्रू लावून शेगड्यात धरला. काटा तिच्याकडे, पान्याची पाठ त्यांच्याकडे. पावआट्यांनी डोळे मिटले, मान कलती केली, आवळलं आणि जिथे त्यांना वाटलं तिथे थांबले.

"किती?"

"दुप्पट, मामंजी."

"परत लाव."

या वेळी अडीचपट. मग जेमतेम दीडपट. मग पुन्हा दुपटीच्या वर. दर वेळी डोळे मिटून, दर वेळी तितक्याच विश्वासाने. सून आकडे सांगत होती आणि तिला वाटत होतं, काट्याने एकदा तरी खोटं बोलावं.

"चुकीचं असतं तरी चाललं असतं," पावआटे अखेर म्हणाले. "पण रोज एकच चुकीचं हवं होतं. तेवढं कमी केलं असतं." त्यांनी उजवा हात उलटा करून बोटांची टोकं पाहिली. दिसायला काहीच झालं नव्हतं. डॉक्टरांनी साखरेबद्दल सांगितलं होतं खरं, पायांना जपा, वगैरे. हातांचं नाव कुणी काढलं नव्हतं. त्यांनी अंगठ्याने तर्जनी घासली, मग दातांनी चावून पाहिली.

"कधीपासून असेल हे?" त्यांनी कुणालाच न विचारता विचारलं.

"तुम्ही गॅसवरचं पातेलं फडक्याशिवाय उचलायला लागलात तेव्हापासून," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मला वाटलं, या वयात घरकामात मदत करायची बुद्धी झाली." आणि त्या रडू लागल्या. चहा मात्र सांडला नाही.

पावआटे बाकावरून उठले. काही न बोलता, फारसा आवाज न करता, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसले. कप हातात घेतला आणि कदाचित पहिल्यांदाच तो खाली ठेवून निवू दिला.

"सूनबाई," ते म्हणाले, "पोस्टातल्या बाईंची स्पर्धा कधी आहे?"

तिने नवीन कड्या लावून ती दुर्बीण बसवली. ते स्टुलावरून बघत होते, आणि तोंड उघडायचं नाही असा निश्चय त्यांच्या जबड्यावर दिसत होता. ती बोटांनी टेकवत होती, किल्लीने जरा पुढे नेत होती, थांबत होती आणि मग काट्याने ताडून पाहत होती. तिचा हात आणि काटा यांच्यात फरक पडत नव्हता. पोस्टवाली रविवारी स्पर्धेत आडवी झाली आणि तिच्या सगळ्या गोळ्या बशीत मावतील एवढ्या जागेत गेल्या. तिची निवड झाली. तिने नवऱ्याला आतल्या खोलीत परत घेतलं आणि चहा पुन्हा सुरू केला.

गोष्ट इथे संपली असती तर सुनेने सुटकेचा श्वास सोडला असता. पण सोमवारी सकाळी पावआटे पायात चप्पल घालून तयार होते.

"पिशवी घे. किल्ल्या, पाना, स्पिरिट, गोंद, नवे स्क्रू. नातवाला पहिला दात आला तेव्हापासूनच्या सगळ्या दुर्बिणी काढायच्या आहेत. पातेलं मी तेव्हा उचलायला लागलो, तुझ्या सासूला बरोबर आठवतंय."

"कुणाकुणाच्या बसवल्यात ते लक्षात आहे?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

ते घरोघर गेले. दारात उभं राहून पावआटे सांगत, "तुमची दुर्बीण मी बिघडवलीय. जास्त पिळलीय. काढू द्या." पहिल्या काही घरांत लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. फळबागवाला म्हणाला, माझी तर उत्तम चालते. पावआटे म्हणाले, मेलेलीही काही दिवस चालते. गुरांच्या डॉक्टरांकडे भुलीचं औषध सोडायची रायफल होती. त्यांनी हात जोडले, "पावआटे, तुम्ही बसवलेलं आहे, मग माझा जनावरापेक्षा तुमच्यावर जास्त भरवसा." सून हे सगळं बघत होती. आयुष्यभर या माणसाने आपलं नाव इतकं पक्कं बसवलं होतं की आता स्वतः जोर लावूनही त्यांना ते सैल करता येत नव्हतं. आणि तरी ते पुढच्या दाराशी जात होते, पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात, एक शब्द न गाळता. पाऊल टाकताना ते जरा हळू झाले होते. बोलताना नाही.

शेवटी निवृत्त न्यायाधीशांचं घर राहिलं. त्यांच्याकडे खूप जुनी, सुंदर रायफल होती. तिला ते अपत्यासारखं जपत. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकार दिला.

"तुमच्या हातच्या कामाला कुणी हात लावायचा नाही, हा माझ्या घरचा नियम आहे. तुम्हीसुद्धा नाही."

"साहेब, मी माझ्याविरुद्ध साक्ष देतोय."

"अशी साक्ष ग्राह्य धरत नाहीत. कोर्टात फार आलेत असे, न केलेला गुन्हा कबूल करायला."

"मग पुरावा बघा." पावआट्यांनी रायफल मांडीवर घेतली, किल्ली लावली आणि पहिल्या फेऱ्यानंतर ती काढून बाजूला ठेवली. उरलेला स्क्रू त्यांनी नुसत्या बोटांनी काढला. ज्या बोटांना काही कळत नव्हतं त्याच बोटांनी. लाल रेघेचा अर्धा तुकडा त्याच्या डोक्यावर स्वच्छ होता. त्यांनी तो न्यायाधीशांच्या तळहातावर ठेवला. "याची मान बघा."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. स्क्रू उजेडाकडे धरून ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हे तुम्ही सगळीकडे सांगत फिरताय?"

"हे शेवटचं घर."

सुनेने जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून काम सुरू केलं. जुना गोंद खरवडला, स्पिरिटने पुसलं, निळा थेंब टाकला, दुर्बीण सरळ बसली का ते खिडकीच्या चौकटीशी ताडून पाहिलं. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेली. खोलीत दोन म्हातारे श्वास रोखून बसले होते. शेवटच्या स्क्रूवर ती थांबली, काटा पाहिला, किल्ली खाली ठेवली.

न्यायाधीशांचं समाधान होईना. ते खुर्चीत पुढे सरकले. "पावआटे, छान बसवलंय यांनी. पण माझ्या मनासाठी एकदा तुम्ही हात लावून बघा ना. तेवढंच."

सुनेने किल्ली उचलून त्यांच्यापुढे धरली. नको म्हणणं तिला शक्यच नव्हतं.

पावआट्यांनी किल्लीकडे पाहिलं. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातले, खोलवर, मनगटांपर्यंत.

"झालंय ते," ते म्हणाले, आणि दाराकडे चालू लागले.